खाच

शोप्रोनच्या या गल्लीत दर तिसरं दार दातांचं.
मी तळघरात बसते; खिडकीतून फक्त बूट दिसतात.
वरून साचे येतात, तोंडं येत नाहीत.

वाल्बुर्गा मात्र जिना उतरून आली,
सीमेपलीकडून, सकाळच्या बसने,
गुडघा धरून, एकेक पायरी.
पर्समधून फोटो काढला: शिवणयंत्रापाशी
खळखळून हसणारी पोर.
"हे बघा," तिनं नखानं दाखवलं,
वरच्या पुढच्या दाताला बारीकशी खाच.
एकेचाळीस वर्षं दोरा तोडला त्यानं,
व्हिएन्नातल्या नाचांचे झगे,
एकेका झग्याला नऊशे टिकल्या,
आणि कात्री नेहमी हाताच्या जरा पलीकडे.

पुढचे दात हलले, गेले.
"मालकिणीवर धरलेला तेवढा
अजून पक्का आहे," म्हणाली.

मार्चमध्ये डॉक्टर केलेमेननी
टायटॅनियमचा स्क्रू बसवला,
आणि मग कुणीच काही केलं नाही.
चेरी पिकल्या, संपल्या.
ती सूप पीत राहिली,
शेजारणीशी तोंडावर हात धरून बोलत राहिली,
आणि आत, अंधारात,
हाड त्या धातूच्या आट्यांत शिरत राहिलं,
कुणी शिकवलं नसताना.

जुलैत माझी पाळी.
लोक पांढरा मागतात. पांढरा दात कुणाचाच नसतो:
मुळाशी मध, टोकाशी जवळजवळ पाणी.
ते मला जमतं.
पण आयुष्यभर मी खाचा बुजवल्या.
चांगला दात मुद्दाम बिघडवायचा,
तोही बिल लावून?
चाक फिरत होतं, हात उचलेना.
शेवटी ॲप्रनचा एक दोरा उसवला,
तो बसेल एवढंच घासलं.

ऑगस्टमध्ये दात बसला. तिनं आरसा घेतला नाही.
आधी जीभ गेली तिथं.
मग पर्समधून रीळ काढलं.
"अहो, टवका उडेल," मी म्हणेपर्यंत
तट्.
तुटलेलं टोक बोटावर धरून बघत राहिली.
"तुटला," म्हणाली, "पण मला कळलं नाही."

त्याला नस नाही, मी सांगितलं.
ओठाला कळेल. जबड्याला थोडं.
त्याला नाही.

ती काहीच बोलली नाही.
दोरा जिभेनं ओला केला,
पहिल्याच खेपेला सुईत ओवला,
आणि माझ्या ॲप्रनची उसवलेली शिवण
मला उभं ठेवूनच घालायला घेतली.
शेवटचा टाका. गाठ.
मग वाकली, इतकी जवळ
की तिचा श्वास मला कापडातून लागला.

मी डोळे मिटून घेतले,
दातासाठी.