दोन बोटं

ब्लायनायच्या वरच्या गल्लीत
आमच्या घराची मागची भिंत डोंगराकडे तोंड करून उभी,
आणि तिला बिलगून वडिलांनी बांधलेल्या सात पायऱ्या.

खाण बंद होती त्या उन्हाळ्यात
त्यांनी त्या ओतल्या, भिंतीला अगदी घट्ट,
पोस्टाचं पाकीट शिरेल एवढीही फट ठेवली नाही.
आई म्हणते, त्यांना मिठीसुद्धा सैल मारता यायची नाही.
पायऱ्या टिकल्या.
टिकलं नाही ते आतलं.

कपाटामागे कागद फुगायचा,
स्तोत्रांची पुस्तकं एकमेकांना चिकटायची.
आई म्हणायची, किटलीची वाफ.
गेथिन म्हणायचा, जुनं घर, दुसरं काय.
शेजारची नेस्ता म्हणायची, या गावात
ढगसुद्धा भाडेकरूच आहेत, भाडं मात्र देत नाहीत.
पाणी नेमकं कुठं मुरतंय,
हे तेवीस वर्षं कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये इद्वल आला.
साठी उलटलेला गवंडी, कानावर पेन्सिल,
बोलणं मोजून, जणू शब्दांनाही सिमेंट लागतं.
पायऱ्यांच्या बगलेतला गिलावा त्यानं छिन्नीनं उतरवला
आणि मला हाक मारली. वाक. बघ.
जमिनीपासून वीतभर वर
दगडांच्या थरांमधून एक काळी रेघ,
पाटीच्या दगडाची, करंगळीएवढी जाड,
घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
बसवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही.
"ही वेस," तो म्हणाला. "ओल हिच्या खालीच राहते.
तुझ्या वडिलांच्या पायऱ्या हिला ओलांडून गेल्यात."
पाण्याचं काय चुकलं?
पायऱ्या दिसल्या, ते चढलं.

फोडायच्या दिवशी आई दारात खुर्ची टाकून बसली.
तिसऱ्या पायरीत त्यांच्या बुटाचा ठसा होता,
ओल्या काँक्रीटवर चहाच्या घाईत पडलेला.
इद्वल काही बोलला नाही.
ती एक पायरी त्यानं अख्खी कापून काढली,
दोन पाती झिजली, सबंध दिवस गेला,
बिलात तो दिवस लिहिला नाही.
आता ती कोबीच्या वाफ्याशेजारी पडून आहे.
ठशात पावसाचं पाणी साठतं.
तिथं साठू दे, आई म्हणते.

नव्या पायऱ्या स्वतःच्या पायांवर उभ्या,
भिंतीपासून दोन बोटं सोडून.
प्रत्येकीला बाहेरच्या अंगाला जरासा उतार,
गोटी ठेवली तर बागेत जाईल, घरात नाही.
पायथ्याला खडी, खडीखाली नळी.
मी म्हटलं, फट वाईट दिसेल.
म्हणाला, दिसू दे. वारा जाऊ दे मधून,
त्यालाही काहीतरी काम हवं.
आणि हत्यारं पुसता पुसता, माझ्याकडे न बघता:
पायरीनं आपली पायरी ओळखावी.

लगेच रंग लावू नका, त्यानं बजावलं.
भिंत महिन्याला इंचभर वाळते, आणि ही अठरा इंचांची.
आईनं बोटांवर मोजलं.
"मी अठ्ठ्याहत्तरची आहे, इद्वल."
"भिंत एकशेवीसची आहे," तो म्हणाला,
आणि चहाचा कप पालथा घालून गेला.

ऑक्टोबरात फटीत पानं जमतात.
साठू दिली तर ओल पुन्हा वाट काढेल,
म्हणून आई वडिलांच्या गळाच्या काठीचं
सर्वांत बारीक टोक घेऊन उभी राहते
आणि एकेक ओढून काढते:
बीचची पानं, चॉकलेटचा कागद, गोगलगाय,
एकदा कुणाचा तरी तांबडा मोजा.
मग तळहात भिंतीवर ठेवते,
ताप बघावा तसा.
"वाळली?" मी खिडकीतून विचारते.
"अजून नाही," ती म्हणते,
आणि हात तिथंच राहतो.