वात

शिरोड्याच्या मिठागरात, बांधाच्या टोकाला
पांढऱ्या झडपांची एक पेटी उभी आहे.
आत दोन तापमापक, शेजारी शेजारी.
एक उघडा.
दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात,
वातीचं टोक पाण्याच्या वाटीत.
हवा कोरडी असेल तितकी वात भराभर सुकते,
तितका दुसरा पारा खाली.
त्या दोघांमधल्या अंतरावरून काढायची हवेची तूट :
अजून किती पाणी ती पिऊ शकली असती.

उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो.
त्याला हवा दिसत नाही.
जमिनीची कातडी दिसते, किती तापली ती,
पानांत हिरवं किती उरलं,
आणि आभाळभर वाफ, एकगठ्ठा.
त्यावरून मी पुण्यात बसून अंदाज बांधते
माणसाच्या नाकाशी असलेल्या हवेचा.

इथे तर किलोमीटरभराच्या एका चौकोनात
अर्धा समुद्र येतो, थोडे सुरू, थोडे माड,
मिठाचे कोपे, डांबरी रस्त्याचा तुकडा.
सगळ्यांना मिळून एकच आकडा.
"मी दिसतंय काय वरसून?" द्वारकीबायने विचारलं होतं.
म्हटलं, दिसतेस, पण माडांत आणि समुद्रात मिसळून.
"मगे ता बराच दिसत असतला."

वाटी भरायचं काम तिचं.
कोप्यातलं पाणी चालत नाही, वातीवर खार धरतो,
म्हणून ती आपल्या कळशीतलं प्यायचं पाणी ओतते.
"तुमचा यंत्र माझ्याच पाण्यार चलता तर!"
आकडे लिहायचं काम लवूचं, सातवीतल्या,
मधल्या सुट्टीत सायकल हाणत येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी वारा उलटला.
समुद्रावरून यायचा तो दुपार कलली तरी आला नाही,
घाटाकडून आला, सड्यांवरून तापत.
उपग्रहाचा आकडा चढत गेला :
दोन, अडीच, तीन पूर्णांक तीन किलोपास्कल.
काजूचा मोहोर काळा पडेल इतका.
आणि लवूच्या वहीत, निळ्या शाईत, सुवाच्य :
कोरडा छत्तीस. ओला छत्तीस.
तूट शून्य.
अकरा दिवस शून्य.

मी उपग्रहावर संशय घेतला.
त्या अर्ध्या समुद्रानेच घोळ केला असणार, म्हटलं.
गणित तीनदा बदललं.
जमिनीवर मोजलं ते खरं, असं आम्ही शिकलेलो,
त्याला भूसत्य म्हणतो.

मग फोन केला.
द्वारकीबाय आरोंद्याला गेली होती, लेकीच्या बाळंतपणाला.
वाटी? लवूला वाटीचं कुणी सांगितलं नव्हतं.
आकडे बघायला सांगितले होते. त्याने बघितले.

वात सुकून कडक झाली होती.
सुकलेल्या वातीला गमवायला काही उरत नाही,
म्हणून ती शेजारच्या कोरड्याशी तंतोतंत जुळते,
आणि जुळलं की हिशेब सांगतो : भरपूर ओलावा.
असं एक माणूस आमच्या घरात होतं.
ते इथे नको.

शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं : बाई गावात नव्हती.
रकाना अक्षरं घेत नाही.
जे मोजलंच गेलं नाही त्याचा आकडा ठरलेला असतो,
उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
तो अकरा वेळा भरला.

मार्चमध्ये गेले तर ती परतलेली,
बांधावर उभी, ओठांना खोबरेल लावून.
"मीठ मात्र बरा पडला त्या दिसांत," म्हणाली,
"वारो उगवतीसून इलो काय पडताच."
मी विचारलं, आरोंद्यात किती कोरडं होतं?
तिने कळशी खाली ठेवली. जरा आठवून बघितलं.
"बाळाची दुपटी पिळूची लागूक नाय.
घातलंय थंयच सुकली."

मी ते लिहून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर.
मुलगा की मुलगी
विचारायचं राहून गेलं.