एक मिनिट हवा

लाल ठिपका उजव्या कानाचा, निळा डाव्याचा.
उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली,
केसाएवढी चूक बोटांना कळायची,
आणि आता आरशासमोर उभा राहून
शेंगदाण्याएवढं यंत्र उलट्या कानात घालतो.

बागवान मॅडम म्हणाल्या, होईल सवय.
पहिल्या दिवशी मिसळीच्या दुकानात
फरसाण चावल्याचा आवाज, माझाच, कवटीभर.
शेजारी कुणाचा तरी चमचा पडला
आणि मी दचकून कट सांडला मांडीवर.
तेव्हापासून जागा ठरलेली: कोपरा, पाठ भिंतीला,
समोर बोलणारा, मागं नुसता चुना.

अंघोळीआधी काढायचं. तेल लावायच्या आधी काढायचं.
रात्री खड्यांच्या कोरड्या डबीत निजवायचं.
एकदा तसंच उशाशी ठेवलं
तर सासन्यांच्या कुत्र्यानं चघळून टाकलं.
शालन म्हणाली, "आता त्याला तरी ऐकू येईल."

गंगावेशीत रस्ता ओलांडताना
हॉर्न ऐकू येतो, कुठून ते नाही.
म्हणून थांबतो. मान वळवून बघतो, दोनदा.
मागची पोरं ओरडतात, "चला की मामा!"
तेवढं मात्र नेमकं ऐकू येतं.

भाच्याच्या मागं बसून हेल्मेट घातलं
की यंत्र शीळ घालतं,
आमच्या जुन्या भोंग्याची नात असल्यासारखं.
काढतो. डबीत. खिशात नाही,
खिसे धुण्यात जातात.

मार्गशीर्षात रत्नागिरीला निघालो, लेकीकडं.
स्टँडवरची सूचना म्हणजे
गिरणीत बसून कुणीतरी गावं वाचतंय.
शालन पाट्या बघते. मी कंडक्टरला सांगतो,
"कमी ऐकू येतं, उतरायचं आलं की खांद्याला हात लावा."
हे वाक्य तोंडातून निघायला तीन वर्षं लागली.
खिडकी तिची. वारा माझ्या यंत्रात
वाळत घातलेल्या धोतरासारखा फडफडतो.

आंबा घाटात, कितव्या तरी वळणावर,
डाव्या कानात टुं टुं टुं. मग उजव्या.
दोन्ही सेल एकाच दिवशी घातलेले.
इंजिन गेलं, खडखडणारी काच गेली,
कुणाचा तरी नारळ पायाखालून गडगडत गेला, मुकाट्यानं.

नवं पाकीट शालनच्या पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी.
चिकटपट्टी सोलली.
लगेच बसवायचा नसतो सेल,
मिनिटभर हवा खाऊ द्यायची, मग तो जागा होतो.
तळहातावर दोन चकत्या. पुढच्या सीटवरचं पोर
टकमक बघतंय. गिळलं तर जिवावर बेतायचं.
मूठ मिटली,
हवा जाईल आणि बोट जाणार नाही, एवढीच.
हे माप अजून जमतं.

आणि त्याच मिनिटात शालन बोलली.
दरीकडं बघत, सावकाश, बरंच काही.
ओठ अर्धेच दिसत होते.
मधे एकदा थांबली, बांगडी मागं सारली,
पुन्हा बोलली.
मी पट्टी सोलताना तिनं बघितलेलं होतं.

यंत्र घातलं. घाट परत कानात शिरला, ब्रेकसकट.
"काय म्हणालीस?"
"मी म्हटलो, साखरप्याला च्या घेऊया."

एवढ्याला साठ सेकंद लागत नाहीत.
लेथवरचा माणूस आहे मी, वेळ कळतो.
संपलेले दोन्ही सेल पाकिटात परत मोजून ठेवले
आणि म्हटलं, घेऊया.