सात नंबरची मशीन

पॅकेज अर्धं उतरलं होतं, तेवढ्यात लाईट गेली.
उदगीरला मार्चमध्ये ती सांगून जात नाही,
आणि आमच्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांतली एक फुगलेली.

साडेसातला आली. सहा मशिनी उठल्या.
सातवीच्या काळ्या पडद्यावर नुसता कर्सर,
काय आणायला आलो ते विसरून
दुकानाच्या दारात उभा राहिलेला माणूस जसा.

उद्या प्रॅक्टिकल. परीक्षक निलंग्याहून येणार.

दस्तगीरभाई जूनमध्ये रिटायर झाले,
वही ठेवून गेले, मॉनिटर उंच करायला लावलेली.
ती ओढून काढली.
उजवीकडून उर्दू, डावीकडून कमांड,
पानाच्या मध्यावर भेटतात
तिथं शाई जरा दाट.

ते आप्ट-गेटचे माणूस.
नुसतं आप्ट आलं, रंगीत अक्षरं, सरकणारी पट्टी,
तेव्हा म्हणाले, मन्मथ, ह्याला लग्नात नाचायला ने,
कामाला आपला म्हाताराच बरा हाय.
मी मात्र पट्टीवाला. किती झालं, किती राहिलं,
दिसल्याशिवाय मला चहा जात नाही.

आज पट्टी हलेना.
म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला,
तुटकी पॅकेजं तुम्हीच धरून ठेवलीत.
मी?
डीपीकेजी मोंढ्यातला हमाल,
उचललं होतं तेवढं नीट लावून दिलं
आणि उरलेल्या पोत्यांकडे बघितलंही नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर: ॲप्टिट्यूड.
समोर उर्दूत एक ओळ. मला वाचता येत नाही.
फोटो पाठवला. उत्तर आलं,
'लिहिलंय, भांडखोर हाय, पण ऐकून घेतो.
इतक्या रात्री काय करलालास तिथं?'

भांडखोर म्हणाला,
एकशे बारा पॅकेजं काढतो, सगळं नीट बसेल. मान्य?
नाही.
बरं, चाळीस काढतो. मान्य?
नाही.
इतक्यांदा नाही म्हणू देणारं
आमच्या ऑफिसात कुणी नाही.
मग म्हणाला, एक जुनं आहे तसंच राहू दे,
त्याच्या जागी नवं नको. मान्य?

वाय दाबताना बोट थोडं थांबलं.

दहाला सातवी उठली, पंखा घरघरला.
जाता जाता एक यादी दाखवली:
ही दुसऱ्या कुणासाठी आपोआप आली होती,
आता लागत नाहीत, काढून टाका.
यादीत तिसरा, नस्तलीकचा फॉन्ट.
सातवीवर आता उर्दू कुणी लिहीत नाही,
हे तिला बरोबर ठाऊक.

वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला.
थांब रे, म्हटलं.
आपोआप नाही, हातानं ठेवलंय,
अशी खूण करायची एक कमांड असते.
वहीत नव्हती. शोधली, दिली,
आणि वहीत उतरवून घेतली,
डावीकडून,
मध्यापर्यंत.
पुढची जागा सोडली.