दोन टप्पे

माझ्या मशीनला विचाराल तर
कसबे डिग्रज ते सांगली दोन टप्पे.
पहिला पुरा, दुसरा अर्धामुर्धा,
पैसे दोन्हींचे पुरे.
इतकी वर्षं हे तिकीट देतेय,
पण पायरीवर गुडघा टेकून चढणाऱ्या
सहा वर्षांच्या मुलीला हे केवढं पडेल,
ते मशीन सांगत नाही.

गावातली शाळा आमच्या दारातून दिसते.
विसरलेली पेन्सिल न्यायला शरयू
पळत घरी येऊ शकते.
पहिली-दुसरी एकाच खोलीत,
फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ,
आणि कोळेकर गुरुजी
कधी रेघेच्या ह्या अंगाला, कधी त्या,
कधी पंचायत समितीत.
माणूस चांगला. गाडीत नेहमी सुट्टे पैसे देतो.
हे हिशोबात धरायचं नसतं, तरी धरते.

पुलापलीकडची शाळा फक्त मुलींची.
अठरा हजार, तीन हप्ते, व्हॅन वेगळी.
मोठ्या बाईंनी हॉल दाखवला,
खो-खोची ढाल दाखवली,
कॉम्प्युटरवरचं कापड उचलून कॉम्प्युटर दाखवला.
मी म्हटलं, संडास कुठं आहेत?
सात दारं होती.
साती दारांच्या आत जाऊन
मी कडी लावून बघितली.
चौथी जरा घट्ट होती, पण लागली.
बाई बाहेर उभ्या, हातात माहितीपत्रक.
त्यांना काय सांगणार,
कुठल्या स्टँडवर दार पायानं रेटून धरावं लागतं,
आणि पहाटे साडेपाचची जत गाडी असली
की आदल्या रात्रीपासून मी पाणी किती मोजून पिते.

बजरंग म्हणाला, कडीसाठी अठरा हजार?
मी म्हटलं, हो.
त्यानं भाकरीचा तुकडा ताटात तसाच फिरवला.
मग म्हणाला, आणि पाणी चढलं म्हणजे?

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
आयर्विन पुलाशी चाळीस फूट झालं
की सांगलवाडीकडचा रस्ता कधी जाईल नेम नाही.
सकाळी पोहोचलेली पोर त्या काठाला,
आम्ही ह्या.
विश्रामबागेत नणंद राहते, घर उंचावर आहे.
तिचं-माझं चार वर्षं बोलणं नाही.
कशावरून, ते दोघींनाही धड आठवत नसेल.

सुट्टीच्या दिवशी शरयूला घेऊन
दस्तगीरमामांच्या व्हॅनमधून एक फेरी मारली.
सवयीनं डोकी मोजली. तेरा.
मामा आरशातून म्हणाले,
ताई, तुमच्या गाडीतली मोजतो का आम्ही कधी?
लाज वाटली. तरी म्हटलं,
अकराच्या वर एक नको, पैसे वाढवून घ्या.
ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.
पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या,
त्यांच्या मागं चौदा मिनिटं,
आणि त्या चौदा मिनिटांत शरयू झोपली,
तोंड उघडं, एक चप्पल पायातून सुटलेली.

झोपलेली माणसं मला नवीन नाहीत.
आष्टा, आष्टा, असं ओरडून
मी रोज कुणाला ना कुणाला उठवते,
तरी एखादा इस्लामपुरात जाऊन जागा होतो
आणि भांडतो माझ्याशीच.
हिला कोण उठवणार, असं मी
मनात म्हणाले की मोठ्यानं, कोण जाणे,
मागच्या सीटवरून चौथीतली एक पोरगी,
दातात रिबन, हातात दुसरीची वेणी,
म्हणाली,
मी उठवते की. ह्या दोघींना मीच उठवते.
नाव विचारलं. रिबन न काढता सांगितलं.
आफरीन असावं.

फॉर्म अजून पैशांच्या बॅगेत आहे,
चिल्लरीनं एक कोपरा काळा झालाय.
"घर ते शाळा अंतर" ह्या रकान्यात
मी आधी लिहिलं, दोन टप्पे.
मग खोडून, साडेआठ किलोमीटर.
सही बजरंगची हवी, तो दूध संघात रात्रपाळीला.

नणंदेला फोन लावलाय.
वाजतोय.