बर्फाचं वजन

ग्रिम्सबीत, चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवारी दुपारी आम्ही भाषा निवडायला बसलो.
खालून तेलाचा वास, खिडकीत हंबरचं मुख,
आणि आभाळ असं
की ढग कुठे संपतो, पाणी कुठे लागतं
हे ठरवायलाही एक मीटिंग घ्यावी.

मासळीबाजाराचा लिलाव आमच्या सर्व्हरवर चालतो.
सकाळी सात ते साडेआठ. तेवढंच.
उरलेला दिवस तो नुसता बसून असतो
आणि बसल्याचंही भाडं खातो.
म्हणून ग्रॅहम म्हणतो, सगळं क्लाऊडमध्ये नेऊ.
ढगात नेऊ, मी मनात म्हटलं, आणि हसू दाबलं.
आमच्याकडे ढगात कोण जातं, हे यांना कोण सांगणार!

कॅलम म्हणाला, गो.
तुटक बोलते, खलाशासारखी.
हाक मारली की हजर, चहा मागत नाही.
डनूटा म्हणाली, पायथन. महिन्यात लिहून होईल,
आणि माझ्यानंतर येणाऱ्यालाही वाचता येईल.
'माझ्यानंतर' म्हणताना तिचा हात पोटावरच होता.
बाबाजिडेने जावाची बाजू घेतली
जुन्या वकिलाची घ्यावी तशी :
उभं राहायला वेळ लावतो, पण केस हरत नाही.
रस्टचं नाव एकदाच निघालं. सगळे आदराने गप्प बसले,
भरल्या ताटावर कुणी उपासाचा विषय काढावा तसे.

मग कोल्ड स्टार्ट.
झोपलेल्याला उठवायला चार सेकंद,
आणि चार सेकंदांत हॅडॉकचे दोन लॉट जातात.
'दर पाच मिनिटांनी हलवत राहू.'
'मग झोपवायचं कशाला?'
'बिल मिलिसेकंदावर येतं.'
'म्हणजे शिंकेचंही येणार.'
साडेतीन वाजले.

मी गप्प होते. माझ्याकडे जुनं वाचायचं काम होतं.
पर्ल, एकोणीसशे नव्याण्णव.
ओळ चारशे बारा : दर पेटीमागे दीड किलो वजा.
वर शेरा : इथे हात लावू नका. बार्बराला विचारा.

'बार्बरा कुठे असते?' डनूटाने विचारलं.
ग्रॅहमने छताकडे बोट केलं. आठ वर्षं झाली.
म्हणजे ती आमच्याआधीच पोचली होती.
या वेळी मला हसू आलं नाही.

कॅलमला तो बग वाटला. बाबाजिडेला कर.
डनूटाला कुणा मर्जीतल्या गिऱ्हाइकाची सूट.
बर्फ, मी म्हटलं.

हर्ण्याच्या बंदरावर माझी आत्या
टोपली निथळल्याशिवाय बोली लावायची नाही.
'बर्फ विकतोस होय रे, मेल्या?'
हे इंग्रजीत सांगताना 'मेल्या' तेवढा गळला,
आणि त्याच्याबरोबर निम्मी आत्या.

ग्रॅहमने बाजारात लेनला फोन लावला.
स्पीकरवर आधी समुद्रपक्षी, मग लेन :
'अर्थात बर्फ. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
उन्हाळ्यात दोन.'

उन्हाळ्यात दोन
हे कोडमध्ये कुठेच नव्हतं.
दर जूनला बार्बरा हाताने बदलायची
आणि सप्टेंबरात पुन्हा हाताने दीड करायची.
ती गेल्यापासूनचे सगळे उन्हाळे
आम्ही पेटीमागे अर्धा किलो पाणी
माशाच्या भावाने विकत होतो.
'मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय,' लेन म्हणाला.

भाषा पुढच्या मंगळवारवर गेली.
आज मेची एकोणतीस.
डनूटाने न येणारी पर्ल उघडली,
एक अट घातली, महिन्यांची,
तीनदा तपासली, आणि माझ्याकडे वळली :
'शेरा काय लिहू? तुला विचारा, असं?'

नको, मी म्हटलं. माझं नाव घालू नकोस.
बर्फ लिही.
नुसतं बर्फ.