चौथी खुंटी

दुपारी तीनला बंद पडलं, सव्वातीनला पुन्हा,
मग दर चार मिनिटांनी, ठरवल्यासारखं.
पडदा काळा होण्याआधी पंखा असा ओरडायचा
की गोळीबार चौकातला पानवाला मान वर करायचा.

बोरकर मॅडमचा प्रबंध आत अडकलेला,
संत्र्यावरची कोळशी, पान एकशे बारा,
उद्या अकराला विद्यापीठात द्यायचा.

पंखा नवा. कालच सीताबर्डीहून आणलेला, साडेसहाशेला,
बिल नको म्हटलं तर सहाशेला.
दुकानातला पोरगा म्हणाला, ताई, सोपं आहे,
चार खुंट्या, चार भोकं, दाबायचं, टक.

मी दाबलं. टक. टक. टक.
चौथ्यांदा जे वाजलं
ते खुंटीचं होतं की माझ्या बोटाचं, कोण जाणे.

मग सगळं केलं.
वायर उपसून पुन्हा खोचली.
पेस्ट स्पिरिटने पुसली, परत लावली,
मुगाएवढी, मग वाटाण्याएवढी,
मग रागाने, पोळीला तूप फासतात तशी.
तळाचं प्लास्टिक काढलं होतं का?
केराची टोपली उपडी केली, तेही सापडलं.
पंखा फिरतोय. छान फिरतोय.
आकडा मात्र चढतो, सत्तर, ब्याऐंशी, चौऱ्याण्णव,
आणि काळोख.

बाहेर शेहेचाळीस.
बाबा ओट्यावर धकातेंच्या कूलरची ताटी भरत होते,
अंगभर वाळ्याच्या काड्या, ओठांत खिळा.
मागावरून उठले त्याला तेवीस वर्षं झाली,
तेव्हापासून वर्षाची कमाई मार्च ते जून.
तुम्हाला यातलं काही कळत नाही, असं मी
दिवाळीतच सांगून टाकलं होतं, जरा मोठ्यानेच.
त्यानंतर त्यांनी या खोलीत चहासुद्धा घेतला नाही.

उंबऱ्याबाहेरूनच विचारलं,
"काय करून राहिली बाई तू, सकाळपासून?"
"तापून राहिलं."
"काय तापून राहिलं?"
"हे."

त्यांनी खिळा खिशात टाकला. हात पुसले. आत आले.
शॉक तर नाही ना लागत, म्हणाले,
आणि मी काही बोलायच्या आत दोन बोटं
पंख्याखालच्या पात्यांवर ठेवली.
बराच वेळ ठेवली.
"हे तर थंडगार आहे."

मी आकडा दाखवला. एक्याण्णव.
आकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
"टाकी भरली, मोटार चालू, पंखा चालू,
अन् ताटी कोरडी. काहून?
पाणी वर चढूनच नाही राहिलं.
तसा याचा ताव वर येऊन नाही राहिला."

तेवढ्यात बंद पडलं.

सगळे स्क्रू काढून बोर्ड बाहेर घेतला, उलटा केला.
मागून तीन खुंट्यांचे पाय फाकलेले, घट्ट.
चौथीचे दोन्ही पाय जोडून उभे,
शाळेत उशिरा पोचलेल्या मुलीसारखे.
वरून मात्र बसल्यासारखीच दिसत होती, लबाड.

डोक्यावरचा बाण उलटीकडे वळलेला.
तो मी सरळ केला.
पेस्ट त्यांनी लावली, ताटीच्या खिळ्याच्या टोकाने,
मुगाएवढीच, मी न सांगता.
मग त्यांनी खालून कडा धरल्या, मी वरून अंगठा.
दाबलं.
हा टक वेगळा होता. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आकडा अठ्ठेचाळीसवर येऊन थांबला,
नागपूरपेक्षा दोनच जास्त.
बाबांनी पुन्हा पात्यांना बोटं लावली.
"आता गरम झालं," म्हणाले,
आयुष्यभर लोकांची घरं थंड करणाऱ्या माणसाला
गरम या शब्दाचा इतका आनंद झालेला
मी पहिल्यांदा पाहिला.

एकशे बारावं पान उघडलं. कोळशी जिवंत होती.
मी म्हटलं, चहा टाकते.
"एवढ्या उन्हात?" म्हणाले,
आणि स्टूल ओढून बसले.

रात्री धकातेंचा कूलर रिक्षात चढवताना
त्याच्या निळ्या पत्र्यावर दिसला
करड्या पेस्टचा एक अंगठा.
राहू दिला.